पोटाचा स्पेशालिस्ट फिजिशियनपेक्षा जास्त काय शिकतो?

तुम्ही विचारलंय, 'फिजिशियनला पोटाचं सगळं कळतंच, मग गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट आणखी काही वर्षं शिकतो तरी काय? दुर्बीण घालायला एवढा वेळ लागतो?'

मी डॉक्टर नाही, एंडोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासतात त्या विभागात, नर्स आहे. शिकाऊ डॉक्टरांच्या शेजारी उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जे पाहिलं ते सांगते.

आमच्याकडे येणारा 'नवखा' आधीच फिजिशियन झालेला असतो. वैद्यकीय पदवी, मग मेडिसिनची साधारण ३ वर्षं आणि त्यावर पोटाच्या विकारांची आणखी २-३. देशागणिक थोडं कमीजास्त. यात यकृत, पित्तनलिका, स्वादुपिंड हेही आलं. लोक पोट म्हटलं की जठर आणि आतडीच धरतात, पण अर्धा अभ्यास तर यकृतच खातं.

आता दुर्बीण. डाव्या हातात तिची मूठ असते. तिच्यावरचं मोठं चाक फिरवलं की टोक वर-खाली होतं, लहान चाकाने डावी-उजवीकडे. उजव्या हाताने नळी पुढे-मागे करायची आणि पिळायची. नवखा काय करतो, तर ढकलतो. मोठं आतडं तपासताना नळी गुदद्वारातून घालतात, तेव्हा त्याच्या डावीकडच्या नागमोडी भागात नळीचं वेटोळं होतं. बाहेरून नळी आत जातेय आणि पडद्यावर टोक चक्क मागे येतंय! पेशंट कण्हायला लागतो. मग सीनियर एवढंच म्हणतात, "मागे घ्या." नळी थोडी पिळत मागे ओढली की वेटोळं सुटतं आणि टोक आपोआप पुढे सरकतं. मी पोटावर हात दाबून धरते, त्याचीही मदत होते. हे हातात बसायला काहीशे तपासण्या लागतात.

अपेंडिक्सचं तोंड दिसलं, म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक आलं. नवख्याला वाटतं, झालं काम. खरी तपासणी तिथून सुरू होते, परत येताना. काही काढायचं नसलं तरी बाहेर यायला किमान ६ मिनिटं द्यावीत असा संकेत आहे, कारण पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, घडीमागे लपलेला असतो. काही पॉलिप वर्षानुवर्षांनी कॅन्सरकडे जातात. ते दिसले तर तारेच्या फासाने तिथेच काढता येतात. निसटले तर निसटले.

पित्तनलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढणं हे त्याहून अवघड. त्यासाठी पुष्कळजण वेगळं वर्षभर शिकतात. पोट उघडून ऑपरेशन मात्र हे डॉक्टर करत नाहीत, ते सर्जनचं काम. यात गल्लत फार होते.

आणि दुर्बीण कुणाला घालायची नाही, हे सगळ्यात उशिरा जमतं. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, घास अडकतोय, रक्त कमी झालंय, यातलं काहीच नसलेला तरुण पेशंट नुसत्या गॅससाठी आला, तर मुरलेला डॉक्टर आधी खुर्ची पुढे ओढून वीस मिनिटं बोलतो. नवख्याने तोवर माझ्याकडे तपासणीची तारीख मागितलेली असते.