फॉर्म भरून झाल्यानंतर

बेटा,

तुझं पत्र मिळालं. पाड्यावरचं बाळ गेल्याचा फोन आला, तू नाव, वय, वजन लिहून घेतलंस, बालमृत्यूचा फॉर्म भरलास आणि मग डबा उघडून जेवलीस. डोळ्यांत पाणी आलं नाही. रात्री मात्र झोप लागेना. ‘ताई, मी निबर झाले का हो?’ असं तू विचारलंस.

नाही झालीस. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-मोलगीच्या डोंगरात कुपोषित मुलांसाठी मनापासून राबणारी कितीतरी मुलं-मुली मी या टप्प्यावर आलेली पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी पुढे चांगलं काम करत राहिली. फक्त वेळेवर कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या पत्रात दोन त्रास एकमेकांत गुंतलेत. त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ते सुटे करू.

पहिला त्रास कामाच्या रचनेतून आलेला. एकीच्या वाट्याला इतके पाडे, एका डोंगरावरून दुसऱ्यावर पायी, आणि तीच नोंद आधी रजिस्टरात, मग ॲपमध्ये, मग निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात. रेंज मिळावी म्हणून संध्याकाळी टेकडीवर जाऊन उभं राहायचं. यातून येतो त्याला बर्नआउट म्हणतात. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने याच्यावर पहिल्यांदा नीट लिहिलं, तेही न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांना पाहून. मागे हटायला तयार नसलेली, सगळ्यांत जास्त झोकून देणारी माणसंच तिथे आधी संपत होती. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाविषयी तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं.

हे तिसरं अंग नंदुरबारमध्ये फार लवकर येतं. तू मूल शोधतेस, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे दंडघेर पट्टीच्या तीव्र कुपोषणाच्या लाल भागात निघतो, आईची समजूत घालून त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नेतेस, वजन चढतं. मग दिवाळी होते आणि ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघून जातं. पालात काय शिजतं, मूल आजारी पडलं तर कुठे नेतात, तुला काही कळत नाही. होळीला माणसं परततात तेव्हा तेच मूल पुन्हा लाल पट्टीत असतं. तू लिहिलंस, ‘मग मी वर्षभर केलं काय?’ तू केलंस ते हे, की ते मूल होळीपर्यंत जिवंत राहील इतकी ताकद त्याच्या अंगात आली. त्याच्या बापाला गावात मजुरी मिळणं, स्थलांतराच्या ठिकाणी अंगणवाडीचा आहार मिळणं, हे तुझ्या हातात नाही. त्यासाठी झगडायलाच हवं, पण ते झगडणं संघटनांचं आणि सरकारला जाब विचारणाऱ्या सगळ्यांचं आहे. त्याचं अपयश तू आपल्या वहीत तुझ्या नावावर लिहू नकोस.

आणि तुटकपणा. तुझ्या पत्रात एक वाक्य मला खटकलं. ‘ती बाई केंद्रातून पळून गेली, या लोकांना पोरांची किंमतच नाही.’ दोन वर्षांपूर्वीची तू असं लिहिलं नसतंस. त्या बाईची घरी आणखी लेकरं आहेत, गाई-शेळ्या आहेत, केंद्रात चौदा दिवस काढायचे तर घर कोण बघणार? केंद्रात राहिल्याने बुडालेल्या मजुरीची भरपाई, बुडीत मजुरी, मिळते, पण ती हातात केव्हा पडेल ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ‘ही लोकं’ असं तोंडातून निघालं, ते थकव्यामुळे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस, पण तो इशारा समज. आपल्यातला कुणीही असं बोलू लागला की त्याला रजेची गरज आहे, असं मी धरून चालते.

दुसरा त्रास दुःख ऐकून ऐकून येतो. त्याला कम्पॅशन फटीग म्हणतात. १९९० च्या दशकात आधी परिचारिकांच्या संदर्भात आणि मग चार्ल्स फिग्ली यांच्या लेखनातून हे समोर आलं. समोरच्याचं दुःख रोज अंगावर घेतलं की ऐकणाऱ्यालाही तीच स्वप्नं पडतात, तोच फोन वाजल्याचा भास होतो, आणि एक दिवस मन काही आत घेईनासं होतं. त्या रात्री तुझं तेच झालं.

यावर टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याची वेदना आपलीच असल्यासारखी सोसण्याचा सराव केलेल्या लोकांना नकोसं वाटायला लागलं. त्याच लोकांनी नंतर समोरच्याचं भलं व्हावं अशी माया मनात धरण्याचा सराव केला, तेव्हा त्यांना बरं वाटू लागलं. मेंदूतही या दोन्हींच्या जागा वेगळ्या दिसल्या. तेव्हा पुढच्या गृहभेटीत आईशेजारी बस, तिचा हात धर, पण ‘हे माझं बाळ असतं तर’ हा विचार येऊ लागला की पाय जमिनीवर टेकल्याची जाणीव घे आणि मनाशी म्हण, हिला आत्ता कशाची गरज आहे? पाण्याची, गाडीची, कुणीतरी गप्प बसून राहण्याची? तुझं काम तिथे आहे.

पण श्वास आणि सराव यांवर सगळं ढकलू नकोस. मला या बाबतीत राग येतो, तो तुला मोकळेपणाने सांगते. मुलींना पाडे वाढवून द्यायचे, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, आणि वर्षातून एकदा योगाचं शिबिर घेऊन ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणायचं, हे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्यामुळे होणारी अवस्था आहे, असंच मांडलं. मग ती सुधारायची जबाबदारी कामाच्या ठिकाणाचीच.

म्हणून संस्थेकडे लेखी माग. बालमृत्यूच्या परीक्षणात कुणाची चूक झाली हे विचारतात, पण शेवटचं त्या घरी जाऊन आलेल्या कार्यकर्तीला काय होतंय, हे विचारायला त्या कागदावर जागा नाही. तेवढ्यासाठी दर महिन्याला एक बैठक हवी, आणि ती साहेबांनी घ्यायची नाही, बाहेरच्या जाणत्या माणसाने घ्यावी. मृत्यू झालेल्या घरी जाताना दोघींनी जायचं. रविवारी फोन आळीपाळीने एकीकडेच राहील, बाकीच्यांचे बंद. गावात रुग्णवाहिकेचा १०८ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे नंबर प्रत्येक घराला पाठ करून दे, म्हणजे तुझा नंबर हाच एकमेव आधार राहणार नाही. ग्रुपवर रात्री-अपरात्री लेकरांचे फोटो टाकणं तर ताबडतोब थांबायला हवं. त्यात त्या लेकराचाही मान जातो आणि पाहणाऱ्या दहा जणींची झोपही. आणि पगारातून औषधं, एसटीचं भाडं देत राहू नकोस. संस्थेत अडीनडीचा छोटा निधी ठेवायला लाव, दोघींच्या सहीने खर्च होणारा.

हे मागताना गावोगावच्या आशाताईंना, म्हणजे आशा आरोग्य स्वयंसेविकांना विसरू नकोस. त्यांना पगार नाही, कामावर मोबदला मिळतो, आणि गेलेलं बाळ बहुतेक वेळा त्यांच्या भावकीतलंच असतं. तू संध्याकाळी खोलीवर परततेस, त्या त्याच पाड्यात राहतात. महिन्याच्या बैठकीत त्यांची जागा आधी.

घरच्यांना सगळं सांगायची गरज नाही, पण एक जोडीदारीण ठरव. तिला आधी विचारायचं, ‘आत्ता ऐकशील का?’ तिने हो म्हटलं तरच बोलायचं. काय पाहिलं याचे तपशील कमी, मला काय झालं हे जास्त. तिचा फोन आला की तूही आधी विचार, ‘कशी शे तू?’

होळीआधी भोंगऱ्या बाजार, इथल्या आदिवासींचा जत्रेसारखा बाजार, भरेल. त्या दिवशी दंडघेर पट्टी खोलीवर ठेव आणि नुसती जा. तू ज्या घरांत फक्त आजारपणात जातेस, ती माणसं नटून ढोलावर नाचताना बघ. माझ्यासाठी तेच फार मोठं औषध होतं.

आता एक गंभीर गोष्ट. झोप उडणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, जेवण तुटलं, किंवा जगणं नको असा विचार एकदाही आला, तर जोडीदारीण किंवा मी यांच्यावर भागवू नकोस. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. कुटुंबं ऊसतोडीला निघाली की गृहभेटी थोड्या कमी होतात. त्यांच्या याद्या पुढे कळवून झाल्या की सलग रजा घे, आणि रजेत रजिस्टर उघडू नकोस. रजेनंतरही मन परतलं नाही, तर काही काळ दुसरं काम कर. मला त्यात कमीपणा वाटणार नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

मागणीपत्राचा मसुदा या आठवड्यात पाठव. किती पाडे, किती अंतर, किती नोंदी, किती जागा रिकाम्या, सगळे आकडे घाल, आणि तुम्ही जितक्या जणी असाल तितक्या सगळ्यांच्या सह्या घे. एकटीच्या नावाने देऊ नकोस. मी वाचून, जिथे भाषा मऊ पडली असेल तिथे दुरुस्त करून परत पाठवते. रविवारी फोन कर, दुपारी चारनंतर मी मोकळीच असते.

तुझी,
ताई