घर दाखवण्याआधी दलालाने ते पाहिलंय का?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की जो दलाल स्वतः घरात पाऊल न टाकता तुम्हाला ते दाखवायला नेतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरूनही पत्रं आली. काही रागावलेली होती, आणि तीही बहुतेक आमच्याच धंद्यातल्या, म्हणजे दलालीतल्या लोकांची. त्यांतली पाच इथे घेते.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, कारेलीबागेत भाड्याने राहतो. ४५ लाखांपर्यंत दोन बेडरूमचा जुना फ्लॅट शोधतोय. आमचा ब्रोकर दर वेळी म्हणतो, “काका, आधी मी बघून येतो.” तीन आठवड्यांत त्याने दोनच घरं दाखवली. दुसरा एक जण एका रविवारी सात दाखवायला तयार आहे. पहिला चालढकल करतोय का?

काका, त्याला एकच विचारा : तू स्वतः किती पाहिलीस आणि बाकीची का सोडलीस? तो “दहा-अकरा पाहिली” म्हणाला आणि सोडलेल्या प्रत्येक घराचं कारण घडाघडा सांगू शकला, तर त्याला सोडू नका. नुसतं “बघतोय, बघतोय” म्हणाला, तर मात्र तुमची शंका खरी आहे.

आधी बघून येण्यात एवढं काय असतं, तेही सांगते. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं. त्या वेळेला जाऊन वरच्या मजल्यावरचा नळ उघडून बघावा लागतो. एरवी टाकीतलं किंवा बोअरचं पाणी येतं आणि सगळं छान वाटतं. बाथरूमला उंबरा आहे की सरळ पाय ठेवता येतो, जिन्याच्या पायऱ्या किती उंच आहेत, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, वरच्या फ्लॅटच्या मोरीची ओल तुमच्या छतावर उतरली आहे का, जवळ गरब्याचं मैदान आहे का (नऊ रात्री तुम्हाला झोप लागेल का, हा तुमच्या वयात साधा प्रश्न नाही), हे फोटोत दिसत नाही. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हेही मी विचारते. उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंग उडवायला नातवंडं आली आणि वरच्या मजल्यावाल्याने गच्ची स्वतःची म्हणून कुलूप लावलेलं निघालं, तर ते भांडण वर्षानुवर्षं चालतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गोत्रीत मी एक घर न बघता दाखवलं. मालक फोनवर म्हणाला होता, लिफ्ट आहे. लिफ्ट होती, पण चार महिन्यांपासून बंद. सत्तरीच्या एक बाई कठडा धरून तीन मजले चढल्या, वर जाऊन खुर्चीत बसल्या आणि घर न बघताच खाली उतरल्या. चूक माझी होती. त्यानंतर न पाहिलेलं घर मी कोणालाही दाखवलेलं नाही.

आणि बडोद्यात राहायचं म्हणजे विश्वामित्री नदी धरून राहायचं. ३१ जुलै २०१९ ला दिवसभरात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली. समा, अकोटा, मुजमहुडा भागांत तळमजल्यांत पाणी शिरलं, मगरी वस्तीत आल्या. घराच्या जाहिरातीत यातलं एक अक्षर नसतं. म्हणून मी तळमजल्यात शिरले की आधी खाली बघते : कमरेएवढ्या उंचीपर्यंतच दिलेला ताजा रंग, जमिनीलगत भिंतीला लागलेला लोणा, खालून फुगलेली दाराची चौकट, कपाटाच्या तळाशी उमटलेली पाण्याची रेघ, नुकताच वर चढवलेला विजेचा मीटर. मग बाहेर पडून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारते, “चोवीस साली पाणी कुठवर होतं?” त्याचा ठेला तिथेच बुडालेला असतो. तो हात गुडघ्याशी नेतो की छातीशी, ते बघायचं.

सात घरांच्या रविवारी यातलं काहीच होत नाही. तिसऱ्या घरानंतर स्वयंपाकघर कुठल्या घराचं आणि बाल्कनी कुठल्या घराची, हेच आठवेनासं होतं. काकूंच्या पायांचाही विचार करा.

प्रश्न : मांजलपूरला आमचं टेनामेंट (स्वतंत्र घर) विकायला काढलं आहे. महिनाभरात चार दलाल “आधी आम्ही बघतो” म्हणून येऊन गेले. गिऱ्हाईक एकानेही आणलं नाही. न विचारता फोटो काढतात, एकाने तर कपाट उघडलं. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. यांना येऊ द्यायचं की नाही?

ताई, कपाट उघडणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नका. बाकीच्यांसाठी आठवड्यातला एक दिवस आणि दोन तास ठरवून द्या. त्या वेळेत सासूबाईंची खोली शेवटी आणि उंबऱ्यातूनच दाखवायची. दागिने, बँकेची कागदपत्रं, औषधं कुलपात. फोटो तुम्ही हो म्हणाल तेव्हाच, आणि भिंतीवरच्या घरच्या माणसांच्या तसबिरी त्यात येता कामा नयेत.

पण दार अगदीच बंद करू नका. हे चौघं तुम्हाला फुकट काहीतरी देऊन जाऊ शकत होते, ते तुम्ही घेतलं नाहीत. निघताना प्रत्येकाला विचारायचं : तुमच्या मते किती येतील, आणि काय खटकलं? चौघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन मागच्या आवारातल्या अंधाराबद्दलच सांगितलं, तर तिथे एक पत्रा काढून काच बसवणं किमतीतून लाखभर सोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. चौघांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले आणि तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा बराच वर असला, तर गिऱ्हाईक का येत नाही ते कळलंच. काही जण जंत्रीचा दर दाखवून किंमत पाडायला बघतात. जंत्री सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेली असते, बाजारभाव तो नव्हे. १५ एप्रिल २०२३ पासून तिचे दर वाढले, म्हणून त्या दिवशी तुमच्या घराचा भाव वाढला असंही झालं नाही.

आणखी एक. घर पाहून गेलेल्या दलालाला गिऱ्हाईक न आणण्याचंही कारण असू शकतं : त्याच्याकडच्या लोकांना तुमचं घर चालणारं नव्हतं, म्हणून त्याने तुमचे दहा चहा वाचवले. फोन करून विचारा. चांगला असेल तर खरं सांगेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. इथे नवं घर विक्रीला आलं की एजंट आधी स्वतः जाऊन बघतात, काही ठिकाणी तर ठरलेल्या दिवशी घोळक्याने. आईबाबांना दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये हलवायचं आहे. बडोद्यात असं कोणी करतं का? नाहीतर व्हिडिओ कॉलवर घर पाहून ठरवलं तर चालेल?

तिकडे त्या घोळक्याच्या फेरीला कॅरव्हॅन म्हणतात. ती जमते, कारण तिकडे विक्रीची घरं सगळ्या एजंटांच्या एका सामायिक यादीत येतात. आपल्याकडे तशी यादी नाही. एकच फ्लॅट तीन दलालांकडे तीन किमतींना असतो आणि फोटो मात्र तेच. त्यामुळे इथे आधी जाऊन बघण्याला आणखी एक अर्थ आहे : घर खरंच विकायचं आहे का, विकणारा मालकच आहे का, की चार भावंडांपैकी एकाने परस्पर सांगितलंय, हे तिथे बसून एक चहा घेतला की उमगतं. माझ्या अनुभवात निम्म्या अडचणी या चहातच कळतात.

व्हिडिओ चालेल, पण तो दलालाने घर आधी पाहिल्यानंतरचा हवा, आणि तुमच्या अटींवर. रिक्षा थांबते त्या मोठ्या रस्त्यापासून सुरू करायला सांगा आणि मध्ये कुठेही बंद करू नका म्हणावं. फाटक, जिना, लिफ्टचं दार, घराचा दरवाजा, सगळं एका दमात. नळ उघडून, खिडक्या उघडून, पंखे बंद करून दाखवा म्हणावं, म्हणजे बाहेरचा आवाज ऐकू येईल. तोच फेरा संध्याकाळी सातला पुन्हा.

मला तुमच्या आईबाबांची काळजी मात्र वेगळ्याच कारणाने वाटते. दांडिया बाजारात सुरसागराला फेरी मारणारा, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी मराठीत बोलणारा माणूस वासणा-भायलीच्या सातव्या मजल्यावर गेला की सहा महिन्यांत बोलेनासा होतो. मी हे पाहिलं आहे. दलालाला सांगा, की फाटकापासून देऊळ, औषधाचं दुकान, भाजीवाला आणि डॉक्टर चालत किती मिनिटांवर आहेत ते स्वतः चालून सांग. गाडीवर गेलेल्याचा अंदाज धरू नका. आणि शेवटची दोन घरं उरली की आईबाबांना तिथे नेऊन तासभर बसवा. तो तास व्हिडिओवर भरून निघत नाही.

प्रश्न : आम्ही नव्या स्कीममध्ये बुकिंग करतोय. इमारत अजून उभी राहायची आहे. इथे दलालाने आधी काय बघायचं?

सॅम्पल हाऊस सोडून बाकी सगळं. सॅम्पलमधला पलंग कित्येकदा नेहमीपेक्षा आखूड असतो आणि खोल्यांना दारं लावलेली नसतात, म्हणून जागा मोठी वाटते. दलालाने जागेवर जाऊन रस्ता, ओढा-नाला, शेजारचा प्लॉट आणि त्याच बिल्डरने पूर्ण केलेली एखादी जुनी इमारत बघितलेली असावी. त्या जुन्या इमारतीतले रहिवासी सगळं सांगतात.

गुजरेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या गुजरातच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासा, आणि दलालाचाही. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालाही २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणी लागते. भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर मोजा : ४२ लाखांचं घर १,४०० चौरस फूट सुपर बिल्ट-अपवर (यात जिना, लिफ्ट वगैरेंचा वाटाही धरलेला असतो) ३,००० रुपये फूट वाटतं. आत टेप लावल्यावर ८४० फूट भरलं, तर तोच भाव ५,००० होतो. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. कोणी मागितली तर उठून या.

प्रश्न : मी वाघोडिया रोडला दोन वर्षांपासून हे काम करतो. तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. सौदा झाला तर एक टक्का मिळतो, नाही झाला तर पेट्रोलही सुटत नाही. प्रत्येक घर आधी बघायला वेळ कुठून आणू? आणि त्याचे पैसे मागावेत का?

दादा, तुमची चिडचिड मला समजते. मीही ॲक्टिव्हावरून उन्हात फिरले आहे. पण हिशेब करून बघा. न पाहिलेली सात घरं दाखवण्यात गिऱ्हाईकाचा आणि तुमचा अख्खा दिवस जातो. तीच सात घरं तुम्ही एकट्याने, एकाच भागातली, एका सकाळी बघून होतात, कारण तुम्हाला कोणाची वाट बघायची नसते आणि सोफ्यावर बसायचं नसतं. शिवाय ती सकाळ पुढच्या दहा गिऱ्हाइकांना उपयोगी पडते. मंगळवारची सकाळ राखून ठेवा, एक भाग धरा आणि तोच पिंजून काढा.

वेगळे पैसे मागू नका. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायला नेण्याआधी एजंटाला खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदला लिहिलेला असतो. आपल्याकडे तशी सवय नाही, पण दलाली किती आणि कधी, हे पहिल्या भेटीत एका कागदावर लिहून द्यायला कोणी अडवलेलं नाही. मी देते. तेव्हापासून शेवटच्या दिवशीची घासाघीस बरीच कमी झाली.

जाताना लेझर मीटर, टॉर्च आणि वही न्या. कागदही तेव्हाच बघा : दस्तावेज कोणाच्या नावावर, वेरा बिल (घरपट्टी) कोणाच्या नावावर, बीयू परमिशन (इमारत वापरायचा पालिकेचा दाखला) आहे का. ती नसेल तर गिऱ्हाइकाचं कर्ज अडकायची भीती असते, आणि तुम्हाला ते सौदा ठरल्यावर कळून उपयोग नाही. शहराच्या काही भागांत अशांत धाऱ्यामुळे (दंगलींनंतर काही भागांतल्या घरविक्रीवर बंधनं घालणाऱ्या गुजरातच्या कायद्यामुळे) विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, हेही दाखवण्याआधीच माहीत हवं.

वहीत एका घराला एक पान. चांगलं काय ते दोन ओळींत, खटकलं काय ते उरलेल्या पानभर, आणि ते पान गिऱ्हाइकाला जसंच्या तसं वाचून दाखवा. “या घराला दुपारी तीननंतर ऊन तापतं” असं दलालाच्या तोंडून ऐकलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जात नाही. पाण्याची नोंद मात्र वेगळी ठेवा, सोसायटीगणिक, फुटांत. समा आणि हरणीकडची माझी जुनी पानं तुम्हाला हवी असतील तर कळवा, झेरॉक्स काढून देते. त्यांत २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षांचं पाणी लिहिलेलं आहे.