वाचक विचारतात : आधी अडतं कुठे ते शिकवा

प्रश्न : मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला शिकवते. प्रोसेस इंटेन्सिफिकेशन, म्हणजे तेच काम लहान, जास्त कार्यक्षम उपकरणात आणणं, अभ्यासक्रमात अगदी शेवटी येतं. मुलं उपकरणांची नावं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. काय करावं?
— एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : मॅडम, ते शेवटपर्यंत ठेवूच नका. हीट ट्रान्सफरच्या (उष्णता कशी वाहते त्या विषयाच्या) तासालाच सुरू करा.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात बॅच रिॲक्टरवर, म्हणजे एका वेळी एक घाणा काढणाऱ्या टाकीवर, काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. काही रिॲक्शन मिनिटांत संपणाऱ्या, पण कच्चा माल आम्ही तासन् तास बारीक धारेनं सोडायचो. कारण एकच, सुटलेली उष्णता टाकीभोवतीचं थंड करणारं जॅकेट तेवढ्या वेगानं ओढून घेऊ शकत नसे. मुलांना हे सांगा आणि खडू त्यांच्याच हातात द्या. दंडगोलाच्या एक घनमीटर मालामागे, उष्णता जिच्यातून बाहेर जाते ती भिंत किती? चार भागिले व्यास. एक मीटर व्यासाच्या टाकीला 4 चौरस मीटर, एक मिलिमीटरच्या नळीला 4000. हा आकडा स्वतः काढला की मायक्रोरिॲक्टर, म्हणजे अशा बारीक नळ्यांचा रिॲक्टर, कशासाठी, हे वेगळं समजवावं लागत नाही. नळीत एका वेळी माल थोडाच असतो, म्हणून धोकाही कमी. इथे भोपाळचा विषय जरूर काढा. 1984 मध्ये टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं, आणि ते तर पुढच्या उत्पादनासाठी लागणारं मधलं रसायन होतं. साठाच नसता तर? यावर वर्गात चर्चा झालीच पाहिजे.

मास ट्रान्सफरच्या (पदार्थ एकातून दुसऱ्यात कसे जातात त्या विषयाच्या) तासाला ईस्टमन कंपनीचं मिथाइल ॲसिटेट घ्या. रिॲक्टर आणि त्यामागची डिस्टिलेशन कॉलमांची (उकळून पदार्थ वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्यांची) रांग, हे सगळं काम 1980 च्या दशकात त्यांनी एकाच रिॲक्टिव्ह डिस्टिलेशन कॉलममध्ये आणलं, जिथे रिॲक्शन आणि वेगळं करणं दोन्ही होतं. ॲसिटिक आम्ल वरून, मेथॅनॉल खालून, आणि दोघांतून मिथाइल ॲसिटेट. तयार झालेला माल सतत बाहेर निघतो, त्यामुळे समतोल, म्हणजे उलटी रिॲक्शन तितक्याच वेगानं होऊन गाडी थांबणं, रिॲक्शनला अडवत नाही.

मर्यादाही तितक्याच ठासून सांगा. घन पदार्थ तयार होत असेल तर बारीक नळी तुंबते. रिॲक्शन आणि डिस्टिलेशन एकाच तापमानाला नीट चालणार नसतील, तर दोन्ही एका कॉलममध्ये कोंबून काही साधत नाही. मूळ रिॲक्शनच संथ असेल, तर नुसती भिंत वाढवून वेग येत नाही.

प्रश्नपत्रिकेतून मात्र ‘व्याख्या लिहा’ काढून टाका. एखाद्या जुन्या प्लांटचं फ्लोशीट (प्रक्रियेचा आराखडा) द्या आणि विचारा, इथे वेग कशानं अडलाय : रिॲक्शननं, मिसळण्यानं की उष्णतेनं? कारण बरोबर असेल, तर उपकरणाचं नाव चुकलं तरी गुण द्या.