पाणी बंद न ठेवता पंपिंग स्टेशनचा जुना पीएलसी कसा बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपालिकेचं पंपिंग स्टेशन, तीन पंप, १९९७ साली बसवलेला सीमेन्सचा एस-५ पीएलसी, म्हणजे पंप आपोआप चालू-बंद करणारा छोटा औद्योगिक संगणक. कार्डं बाजारात मिळेनात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, "एका रविवारी जुनं काढून नवं बसवून देतो, सोमवारी सकाळी पाणी चालू." काम द्यावं का?

काम द्या, पण त्या रविवारी नको. तो थापा मारतोय असं मी म्हणत नाही. पॅनेलमधून रॅक (पीएलसीची कार्डं बसवलेली चौकट) काढून दुसरा बसवायला रविवार पुरतो. पण त्या रॅकला गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत कुणी काय काय जोडून ठेवलंय, हे शोधायलाच महिना जातो. आणि ते शोधल्याशिवाय रॅक काढला तर सोमवारी सकाळी फोन तुम्हाला येणार, कॉन्ट्रॅक्टरला नाही.

मी सोलापुरात वीसेक वर्षं हेच काम करतोय. आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मग जिल्ह्यातले साखर कारखाने, मग पाणी. साखर कारखान्यात हे काम निवांत होतं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाळप पुन्हा सुरू होईपर्यंत पाच-सहा महिने हातात असतात, रॅक उघडा करून ठेवला तरी कुणाचं काही अडत नाही. पाण्याला ऑफ सीझन नाही. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं की एक दिवस बंद ठेवला तर काय बिघडलं? उलट तिथंच जास्त बिघडतं. एका भागाची पाळी चुकली की मागच्या सगळ्यांची पुढे ढकलली जाते, आणि विस्कटलेलं रोटेशन जागेवर यायला आठवडा जातो. त्यात उजनी धरणापासून शहरापर्यंत शंभर किलोमीटरहून लांब लाइन. अशी लाइन एकदा रिकामी झाली की भरताना हवा काढत, सावकाश भरावी लागते. घाई केली तर एखादा जोड निखळतो. तुमचं गाव लहान असेल, लाइनही आखूड असेल, पण हिशोब तोच.

तेव्हा आधी एक करा, त्याला पैसाही लागत नाही. पॅनेलवरचा सिलेक्टर लोकलला (हाताने चालवायच्या खुणेवर) टाका आणि पीएलसीशिवाय पंप चालवून दाखवा म्हणा. तिन्ही पंप, एकेक करून. मी बघितलेल्या कित्येक ठिकाणी हे जमलं नाही. कुठे पुश बटनाचे कॉन्टॅक्ट गंजलेले. कुठे डिस्चार्जचा प्रेशर गेज वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर अडकलेला. एका ठिकाणी तर सिलेक्टरची वायरच पीएलसीच्या इनपुटला गेलेली, म्हणजे 'मॅन्युअल' सुद्धा पीएलसीच्या मर्जीवर! पीएलसी मेला की मॅन्युअलही मेलं.

हे आधी सुधारा. स्टार्ट-स्टॉप सरळ स्टार्टरला हार्डवायर करा. ओव्हरलोड आणि संप (पंप जिथून पाणी ओढतो ती टाकी) रिकामा झाल्याचा ट्रिप साध्या रिलेतून घ्या, पीएलसीला न विचारता पंप थांबला पाहिजे. हे झालं की बाकीच्या कामातली निम्मी भीती जाते, कारण काही फसलं तरी ऑपरेटर हाताने पाणी चालू ठेवू शकतो.

ऑपरेटरवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की जुने ऑपरेटर येत्या काही महिन्यांत रिटायर होतायत. त्यांच्याबरोबर दोन रात्रपाळ्या काढा, वही घेऊन. आमच्याकडे असेच एक मामा होते. पंप बंद करताना ते बटनाकडे जायच्या आधी डिलिव्हरी व्हॉल्व्हकडे चालत जायचे, तो अर्ध्याच्या खाली आणायचे, मग हात वर करून आतल्या पोराला खूण करायचे. मी विचारलं, प्रोग्रॅममध्ये तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटल्यावर स्टॉप आहे, तुम्ही अर्ध्यावर का थांबता? म्हणाले, "साहेब, ह्याचा लिमिट स्विच खोटं बोलतोय. अर्ध्याच्या खाली गेला की पुढं तो आपोआप बसतोय." व्हॉल्व्हची ही खोड ड्रॉइंगवर नव्हती, प्रोग्रॅमलाही माहीत नव्हती. नवा पीएलसी 'पूर्ण मिटल्याचा' सिग्नल येईपर्यंत पंप चालवतच बसला असता.

आता वायरिंग. ड्रॉइंग असेलच, आणि ते चुकीचं असणार हे धरून चाला. प्रत्येक टर्मिनलचा फोटो काढा, फेरूल (वायरवरची नंबराची कडी) वाचा, मल्टिमीटर लावून फील्डपर्यंत, म्हणजे थेट पंप-व्हॉल्व्हपर्यंत वायर पकडा. आमच्या एका कामात दोन टर्मिनलच्या मध्ये वीतभर लाल वायर निघाली, फेरूल नाही, एका बाजूला इन्सुलेशन टेप. कुणालाच काही आठवेना. शोध घेतल्यावर कळलं की कधीतरी संपमधला फ्लोट (पाण्याची पातळी सांगणारा तरंगता स्विच) गाळात अडकला, पंप सुरूच होईना, म्हणून त्या रात्रीच्या वायरमनने लो लेव्हलचा इंटरलॉक (पाणी कमी असताना पंप चालू न देणारी अट) शॉर्ट करून ठेवला. रात्र निभावली, वायर तशीच राहिली. आम्ही ड्रॉइंगप्रमाणे वायरिंग करून आलो असतो तर पहिल्याच दिवशी पंप सुरू झाला नसता आणि सगळे नव्या पीएलसीला शिव्या देत बसले असते. आधी फ्लोट बदलला, मग ती वायर काढली.

माझी स्वतःचीही एक चूक सांगतो, तुमच्याकडे एस-५ आहे म्हणून. त्याची बॅटरी सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते. मी अगदी सुरुवातीच्या काळात सप्लाय बंद असताना काढली. वाटलं, ईप्रॉम (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) आहे की आत. प्रोग्रॅम ईप्रॉममधून आला, खरं आहे. पण मधल्या वर्षांत बदललेले सगळे सेटपॉइंट (पंप कधी चालू, कधी बंद हे ठरवणारे आकडे) बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये होते, ते गेले. पंप बसवताना जे आकडे होते त्यांच्यावर प्लांट चालू झाला. कुठे लाल दिवा लागला नाही, हीच गंमत. ऑपरेटरनेच येऊन सांगितलं, "हा पंप एवढ्या लवकर कधी चालू होत नाही." तेव्हा आजच बॅकअप घ्या, आणि डेटा ब्लॉकमधले सगळे आकडे कागदावर उतरवा. एस-५ ला जोडायला त्याची खास केबल आणि स्टेप-५ (त्याचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) असलेला जुना लॅपटॉप लागतो. असा लॅपटॉप ज्याच्याकडे असेल त्याला चहा पाजा, शेंगाचटणीचा पुडाही द्या, पण बॅकअप आणा.

प्रोग्रॅम नव्यात आणताना ऑटोमॅटिक कन्व्हर्टरवर विसंबू नका. एस-५ मध्ये डेटा वर्डने (दोन बाइटचा एक) मोजतात, त्यानंतरच्या एस-७ मध्ये बाइटने. जुना डीडब्ल्यू १० नव्यात डीबीडब्ल्यू २० होतो. कन्व्हर्टर सरळसोट पत्ते बदलतो, पण प्रोग्रॅम चालताना हिशोबाने ठरणाऱ्या, फिरवून दिलेल्या पत्त्यांवर अडखळतो. ॲनालॉगचा (लेव्हल, प्रेशरसारख्या कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलचा) घोळ वेगळाच. जुन्या कार्डावर ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ५१२ ते २५६०, नव्यावर ० ते २७६४८. हे स्केलिंग राहून गेलं की टाकीची लेव्हल स्क्रीनवर भलतंच काहीतरी दाखवते. ती भलतीच दिसली तर बरं. जवळपास बरोबर दिसली तर टाकी ओसंडून वाहिल्यावरच कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. जुनी २३० व्होल्टची इनपुट कार्डं जास्त करंट खायची. नव्या कार्डांना किंचितसा करंट पुरतो. फ्लोटची केबल दोनशे मीटर पॉवर केबलच्या शेजारून आली असेल तर स्विच उघडा असतानाही नवं इनपुट चालू दिसतं. मधे रिले टाका, प्रश्न मिटतो.

मग नवा पीएलसी जुन्याच्या शेजारी, वेगळ्या पॅनेलमध्ये बसवा. इनपुट दोघांना द्या, आउटपुट फक्त जुन्याचे जोडलेले. ट्रान्समीटरच्या (लेव्हल-प्रेशर मोजून सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राच्या) लूपमध्ये नवं कार्ड सरळ ओवू नका. २५० ओहमचं इनपुट २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट खातं, तेवढ्याने ट्रान्समीटर उपाशी पडू शकतो. एकच सिग्नल दोघांना वेगवेगळा देणारा, दोन आउटपुटवाला आयसोलेटर घ्या. असं दोन-तीन आठवडे चालू द्या. जुन्याने पंप कधी चालू केला आणि नव्याने कधी केला असता, रोज ताडून बघा. जिथे फरक पडेल तिथे एकतर तुमची चूक आहे किंवा जुन्यातली एखादी लपलेली गोष्ट. आमच्या कामात नवा पीएलसी दुसरा पंप रोज थोडा आधी मागत होता. जुन्यात कुणीतरी टाकलेला एक टायमर निघाला.

बदली पंपापंपाने. आधी स्टँडबाय पंप नव्यावर घ्या, चार दिवस तोच चालवा, मग पुढचा. प्रत्येक वेळी किती तास मिळतात ते टाकीवरून काढा. समजा टाकी २० लाख लिटरची आहे आणि तासाला अडीच लाख लिटर जातं, म्हणजे आठ तास. त्यातले पाचच कामाला धरा, तीन तास परत जुन्यावर यायला राखून ठेवा. पाच तास झाले की काम कितीही 'होतच आलंय' असलं तरी मागे फिरायचं. ही वेळ आधी लिहून, सही करून ठेवा. त्या क्षणी कुणाचंच मन मागे फिरायला होत नाही. महावितरणचा ठरलेला शटडाऊन असेल तर जोडणीचं काम त्यातच उरका, पाणी तसंही बंद असतं. यात्रेच्या आणि लग्नसराईच्या आठवड्यात हात लावू नका. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत असलं काम काढायला कुणी धजावणार नाही.

नवं काय घ्यायचं? कोटेशनमध्ये एस-७-३०० असेल तर परत पाठवा. त्या मालिकेचीही विक्री कंपनीनं २०२३ पासून बंद करत आणली आहे, तुम्ही जुन्यातून निघून जुन्यातच शिराल. चालू मालिका घ्या, ब्रँड कुठलाही, ज्याचा माणूस तुमच्या गावी दोन-तीन तासांत पोचेल तो. पॅनेलला एक्झॉस्ट फॅन आणि सावली द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे बाहेरच चाळीसच्या वर असतं, बंद पॅनेलमध्ये किती होईल विचार करा. दर दहा अंशांना कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पॉवर सप्लाय आधी जातो तो म्हणूनच. नव्याला इथरनेट असणार. घरून मोबाइलवर टाकी बघायची हौस सगळ्यांनाच असते, पण त्यासाठी पीएलसी उघड्यावर इंटरनेटला जोडू देऊ नका. बघण्यापुरतं वेगळ्या मशीनवर द्या, चालू-बंद प्लांटमधूनच.

तोवर जुन्यासाठी भंगार बाजारातून एक सीपीयू आणि एक पॉवर सप्लाय घेऊन ठेवा, घेतलेला चालवून बघा. बदली पूर्ण झाल्यावरही जुना रॅक एक पावसाळा तसाच राहू द्या, कनेक्टर काढून, लेबल लावून.

कॉन्ट्रॅक्टरला तो रविवार जरूर द्या, टर्मिनल मोजायला. आणि इथे पॅनेलचे फोटो टाकलेत तर वायरिंग बघून सांगतो. फक्त दारावरची पाटी आणि चिकटवलेला आयपी ॲड्रेस झाकून टाका.