अमेरिकेतल्या प्रायमरी आणि कॉकसचे निकाल येताना नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की एक टक्काही मोजणी झालेली नसताना टीव्हीवर विजेता जाहीर होतो, आणि कधी नव्वद टक्के मतं मोजून झाली तरी ‘अजून सांगता येत नाही’ म्हणतात. मग भारतात बसून हे निकाल बघणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? (पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान म्हणजे प्रायमरी. तेच काम पक्षाच्या स्थानिक बैठकांतून झालं तर तो कॉकस.)

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहराजवळ राहतो. इथला नागरिक नाही, म्हणून मत नाही. पण हे राज्य वर्षानुवर्षं पहिल्या कॉकसचं असल्यामुळे हा नाद लागायला वेळ लागला नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘कोण पुढे आहे’ हा आकडा शेवटी बघा. आधी बघा, कुठली मतं मोजायची राहिलीत.

आपल्याकडे मोजणीचा दिवस वेगळा असतो. सकाळी आठला सुरुवात, आधी टपाली मतं, मग फेऱ्या, आणि सगळीकडे आकडे देणारा निवडणूक आयोग एकच. इथे मतदान संपलं की त्याच रात्री मोजणी, तीही प्रत्येक काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आपापली. देशभराचा निकाल जाहीर करणारं सरकारी खातंच नाही. राज्याचा अधिकृत निकाल नंतर सवडीने येतो. त्या रात्री आपण जो ‘निकाल’ म्हणून बघतो तो बहुतेक वेळा असोसिएटेड प्रेस म्हणजे एपी या वृत्तसंस्थेचा असतो. १८४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून हे काम ते करत आलेत. त्यांची माणसं काउंटीच्या कचेऱ्यांमधून आकडे कळवतात, शिवाय मतदारांची स्वतंत्र पाहणीही केलेली असते.

शून्य टक्क्यावर विजेता जाहीर होतो तो या पाहणीच्या जोरावर. २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक प्रायमरीचं मतदान संध्याकाळी सातला संपलं आणि त्याच क्षणी एपीने बायडन जिंकल्याचं सांगून टाकलं. फरक इतका मोठा होता की मोजायची वाट बघायचं कारणच नव्हतं. पण याचा अतिरेकही होतो. १५ जानेवारी २०२४ ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, आयोवाचे रिपब्लिकन कॉकस सातला सुरू झाले आणि अर्ध्या तासात ट्रम्प विजयी जाहीर झाले. बऱ्याच ठिकाणी तेव्हा भाषणं चालू होती, चिठ्ठ्या पडायच्या होत्या. त्यांचे प्रतिस्पर्धी डिसँटिस यांच्या गोटाने आरडाओरडा केला, आणि माझ्या मते तो रास्त होता. अंदाज बरोबर ठरला हे खरं (ट्रम्प ५१ टक्के), पण रांगेतल्या माणसाच्या फोनवर निकाल येऊ नये. गंमत म्हणजे ९९ काउंट्यांपैकी एकच ट्रम्पच्या हातून निसटली, विद्यापीठवाली जॉन्सन काउंटी, तीही एका मताने. तुम्हाला आकडे बघण्याची हौस असेल तर मजा अशा ठिकाणी आहे.

आता राहिलेल्या मतांबद्दल. ३ मार्च २०२० चं टेक्सास घ्या. तिथे मुदतीआधी येऊन दिलेली मतं आधी जाहीर होतात. ती बरीचशी बायडन साउथ कॅरोलिनात जिंकायच्या आधी पडलेली होती. त्यामुळे सुरुवातीला त्यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स झकास पुढे. मतदानाच्या आदल्या रात्री बुटिजेज आणि क्लोबुचर हे माघार घेतलेले दोघेही बायडनच्या पाठीशी उभे राहिले होते, त्याचा परिणाम फक्त प्रत्यक्ष त्या दिवशी पडलेल्या मतांत दिसणार होता. ती मतं जसजशी आली तशी सँडर्सची आघाडी वितळत गेली आणि टेक्सास बायडनने मारलं. ज्यांनी फक्त वरचा आकडा बघितला त्यांना हे उलटफेर वाटलं. म्हणून आकडा दिसला की विचारा, ही मतं कधी पडलेली आहेत आणि कुठली आहेत. शहरातली, खेड्यातली, की कॉलेजच्या गावातली?

‘किती टक्के मोजणी झाली’ हा आकडाही पक्का धरू नका. एकूण मतं किती पडली हे त्या रात्री कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ती टक्केवारी अंदाजाची असते. मतदान अंदाजापेक्षा जास्त झालं असं कळलं, की ९५ ची पुन्हा ९१ सुद्धा होते. कोणी मतं पळवली नाहीत, भाजक बदलला.

कॉकस हा वेगळाच प्रकार. प्रायमरीत साधारणपणे सरकारी यंत्रणा मतदान घेते, तर कॉकस पक्ष स्वतः घेतो. त्यामुळे त्या रात्री राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर डोळे लावून बसलात तर तिथे काही नसतं, पक्षाचं पान उघडावं लागतं. २०२० चा डेमोक्रॅटिक कॉकस मी एका शाळेच्या जिममध्ये, भिंतीशी खुर्ची टाकून, प्रेक्षक म्हणून बघितला. बास्केटबॉलच्या कोर्टवर ज्याच्या त्याच्या उमेदवाराचा घोळका. मोजणी म्हणजे ओळीने प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा, एक, दोन, तीन. जमलेल्यांच्या १५ टक्के माणसं नसतील तर तो गट बाद. मग त्या गटातल्यांना दुसरीकडे जायची मुभा, आणि शेजारच्या गटातल्या बायाबापड्या लगेच मनधरणीला हजर. एका गटाला दोन डोकी कमी पडत होती, त्यांनी जाकीट चढवून दाराकडे निघालेल्या आजोबांनाच गळ घातली. आजोबा काही बधले नाहीत.

आमच्या जिममधला हिशोब वेळेत संपला. घरी येऊन टीव्ही लावला तर पडद्यावर शून्य. पक्षाने आकडे पाठवायला आणलेलं ॲप नीट चाललं नाही, फोन लागेनात, आणि पहिले आकडे बाहेर आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास, तेही अर्धवट. त्या वर्षी पहिल्यांदाच तीन वेगवेगळे आकडे द्यायचं ठरलं होतं: घोळक्यांची पहिली मोजणी, फेरबदलानंतरची मोजणी, आणि त्यावरून काढलेले पक्षाच्या राज्य अधिवेशनाचे प्रतिनिधी. माणसांच्या मोजणीत सँडर्स पुढे, प्रतिनिधींच्या हिशोबात बुटिजेज कणभर पुढे. दोघांनीही विजयाचा दावा केला आणि एपीने विजेता जाहीरच केला नाही. चार वर्षांनी डेमोक्रॅट्सनी इथे टपालाने पसंती मागवली आणि निकाल मार्चमध्ये दिला, तेव्हा ती रात्रच गेली.

रिपब्लिकनांचंही फार वेगळं नाही. २०१२ साली कॉकसच्या रात्री रॉमनी ८ मतांनी जिंकल्याचं सांगितलं. दोनेक आठवड्यांनी फेरतपासणीत प्रतिस्पर्धी सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि आठ केंद्रांचे कागद तर सापडलेच नाहीत. तोवर रॉमनी पुढचं राज्य न्यू हॅम्पशर जिंकून मोकळे. आणि कहर म्हणजे उमेदवार पक्का करणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाचे बहुतेक प्रतिनिधी तिसऱ्या आलेल्या रॉन पॉलचे होते, कारण त्यांची माणसं कॉकस संपल्यावरही चिकाटीने थांबली होती आणि पुढच्या बैठकांना गेली होती.

यावरून लक्षात आलं असेलच, की शेवटी मोजायचे ते प्रतिनिधी. ८ मार्च २०१६ ला मिशिगनमध्ये सँडर्सनी सगळ्या जनमत चाचण्या खोट्या पाडल्या आणि मथळे त्यांचेच झाले. पण डेमोक्रॅट्समध्ये प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे मिशिगनमध्ये त्यांना ६७ आणि प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटनना ६३. त्याच रात्री मिसिसिपीत क्लिंटनना ३१ आणि सँडर्सना ५. म्हणजे ‘हरलेल्या’ बाई त्या रात्री आणखी पुढे गेल्या. रिपब्लिकनांचे नियम राज्यागणिक बदलतात. पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडात ट्रम्पना निम्म्याहून कमी मतं होती, पण तिथे पहिला येईल त्याला सगळं, म्हणून ९९ च्या ९९ प्रतिनिधी त्यांच्या पदरात. त्या त्या राज्याचा नियम आदल्या दिवशीच वाचून ठेवा. ‘द ग्रीन पेपर्स’ नावाचं जुनाट दिसणारं संकेतस्थळ आहे, तिथे हे सगळं राज्यवार मिळतं. देखणं नाही, पण मला दुसरं लागत नाही.

(निम्मी मतं लागतात का, असं बरेच जण विचारतात. बहुतेक राज्यांत लागत नाहीत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेसाठी प्रायमरी जिंकले, तेव्हा उमेदवारांची इतकी गर्दी होती की तीस टक्क्यांच्या आतच काम झालं.)

वेळेचं म्हणाल तर भारतातून हे बघणं इथल्यापेक्षा सोयीचं आहे. हिवाळ्यात आयोवातले संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. न्यू हॅम्पशरची शेवटची केंद्रं रात्री आठला बंद होतात, तेही तुमचे साडेसहाच. तिथे काउंटी नव्हे, गावागावाचे आकडे येतात, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात तिथून करावी. मार्चच्या सुपर ट्यूसडेला (त्या मंगळवारी एकदम बऱ्याच राज्यांत मतदान असतं) पूर्वेकडची राज्यं पहाटे साडेपाचपासून सुरू होतात आणि कॅलिफोर्निया साडेनऊला. कॅलिफोर्नियात टपालाची मतं उशिरापर्यंत येत राहतात, तिथली टक्केवारी महिनाभर हलत असते. तिच्यासाठी ऑफिस बुडवू नका.