अल्फाफोल्ड आल्यावर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत पीएचडी करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी. झालंय, क्रिस्टलोग्राफीच्या (प्रोटीनचे स्फटिक वाढवून एक्स-रेने रचना शोधण्याच्या) लॅबमध्ये जागा मिळतेय, पण प्रोटीनची रचना संगणकावरच वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयवाल्यांनाही २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मग आता स्फटिक कशाला वाढवायचे? खुशाल करा. माझा थिसिस लिहून होत आला होता तेव्हा विभागातला एक कॉम्प्युटेशनलवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझी सगळी वर्षं आणि माझी चहाची सुट्टी, उत्तर एकच." ते अजून डोक्यात आहे, म्हणून लिहितोय.

माझं प्रोटीन जिवाणूचं, ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूत बनवलेलं. हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे काचेला उलट्या टांगलेल्या प्रोटीनच्या थेंबांत, पीईजीच्या (प्रोटीनला द्रावणाबाहेर ढकलणाऱ्या पॉलिमरच्या) एकाच कंडिशनला काहीतरी आलं, तेही सुयांचे झुबके. एक्स-रेसाठी बिनकामाचे. सर म्हणाले, सोडून दे. मी सुया चुरल्या, घरच्या मांजराची गळून पडलेली मिशी त्यात बुडवली आणि जरा कमी पीईजीच्या ताज्या थेंबांतून ओढली. (हसू नका, स्ट्रीक सीडिंग असंच करतात, चुऱ्याचे कण नव्या स्फटिकांचं बी होतात. घोड्याच्या शेपटीचा केसही चालतो.) काही दिवसांनी मिशी जिथून गेली त्या रेषेवर ओळीने जाडजूड स्फटिक. एकाला सुई टोचून पाहिली. द्रावणातल्या मिठाचा असता तर कर्रकन तुटला असता. हा गुपचूप चुरगळला. प्रोटीनच!

इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) डेटा घेतला. रचना सुटली, तर एक्स-रे डेटातून काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नकाशात प्रोटीनच्या खिशात (पोकळीत) एक लांबट घनता, म्हणजे तिथे काहीतरी बसलेलं. आम्ही तिथे काहीच घातलं नव्हतं. प्रोटीनने ई. कोलायमधूनच एक फॅटी ॲसिड उचललं होतं आणि शुद्धीकरणाचे सगळे कॉलम पार करून घट्ट धरून ठेवलं होतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीनेही (रेणूच्या वजनावरून ओळख पटवण्याच्या पद्धतीनेही) तेच दाखवलं. हे प्रोटीन करतं काय, याचा पहिला धागा तिथे मिळाला.

आता त्या चहाच्या सुट्टीतलं मॉडेल. प्रोटीनच्या साखळीची घडी माझ्या रचनेवर छान बसली, नाकारत नाही. पण खिसा रिकामा! अल्फाफोल्ड २ फक्त प्रोटीनची साखळी देतं. २०२४चं अल्फाफोल्ड ३ लिगँडही (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणूही) बसवतं, पण कोणता ते आधी तुम्ही सांगायचं. आम्हाला तेच तर माहीत नव्हतं. यावर त्या कॉम्प्युटेशनलवाल्याचं उत्तर: "हा अपवाद आहे." आणि अल्फाफोल्ड हे सगळं शिकलं कशावर? पीडीबीवर, म्हणजे प्रयोगाने सोडवलेल्या रचनांच्या प्रोटीन डेटा बँकेवर. १९७१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. पुढच्यांपैकी बहुतेक अशाच थेंबांवर डोळे फोडून जमा झाल्या.

हां, एक राहिलं. प्रोटीन पेशीच्या पडद्यातलं किंवा अवाढव्य संकुल असेल तर आधी क्रायो-ईएमचा (गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघण्याचा) विचार करा, स्फटिकांचा हट्ट नको. आणि अल्फाफोल्डशी वैर धरू नका. प्रोटीनची लोंबती टोकं कुठे छाटायची हे क्लोनिंगआधी (जनुक जिवाणूत घालण्याआधी) मी त्यातच बघतो, फेजसाठीही (नकाशा काढायला लागणाऱ्या, पण एक्स-रे डेटात थेट न मिळणाऱ्या माहितीसाठीही) हल्ली तेच मॉडेल टाकतो. नोकऱ्यांचं विचाराल तर नुसते स्फटिक वाढवता येणाऱ्याला आज कुणी विचारत नाही. एन्झाइमचं बायोकेमिस्ट्रीचं काम सोबत शिका.

गाइडला भेटाल तेव्हा एवढं विचारा: सुया आल्या तर तुम्ही काय करता? "प्लेट फेकतो" म्हणाले, तर दुसरी लॅब बघा.