पहिला व्हिडिओ दोन मिनिटांचाच ठेवा
इंग्रजीच्या तासाला व्हिडिओचा उपक्रम आपण प्रथमच घेत असाल, तर चित्रीकरणाची घाई न करता आधी संहिता लिहून घ्यावी. कारण भाषेचे खरे शिक्षण कॅमेऱ्यासमोर नव्हे, तर चार मुले एकेका वाक्यावर वाद घालत कागदावर खाडाखोड करतात, तेव्हा होते. लांबी २ मिनिटांहून अधिक नसावी. संपादनाची हौस, जी मुलांना आपल्याहून जास्तच असते, शेवटच्या तासापुरती राखावी. चित्रीकरण चालू असताना चुका दाखवू नयेत. माझ्या वर्गातील एक मुलगी नेहमी ‘शी गो’ म्हणत असे; स्वतःचे चित्रण ऐकताच तिने कोणीही न सांगता ‘शी गोज’ म्हणत तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. लाजऱ्या मुलांना केवळ आवाज देण्याची मुभा असावी. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मात्र काहीही वर्गाबाहेर जाऊ देऊ नये.